पुडी झाडपाल्याची, मग हातावर हे दाणे कशाने?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचे वडील साठीच्या घरातले, अंगावर बरीच वर्षं सोरायसिस. दवाखाने झाले, मलमं झाली, शेवटी पाहुण्यांपैकी कुणीतरी एका जाणत्या माणसाचं नाव सुचवलं. सकाळ-संध्याकाळ मधातून घ्यायची राखाडी पुडी. दोन-तीन महिन्यांत खपल्या गेल्या, आप्पा खूश. मग तीनेक वर्षं पुडी चालूच राहिली. आता तळहात-तळपायांवर खरखरीत दाणे आलेत, पोटापाठीवर काळपट ठिपके आहेत. डॉक्टरांनी आर्सेनिकचा संशय घेऊन लघवी तपासायला सांगितली आहे. ताईंचं म्हणणं, पुडी तर निव्वळ झाडपाल्याची, मग धातू आला कुठून? हे दाणे जातील का? आणि भावाचा सात वर्षांचा मुलगा दम्यासाठी त्याच माणसाची पुडी घेतो, त्याची बंद करायची का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तेच तातडीचं आहे. हो, मुलाची पुडी आजच बंद करा आणि उद्या त्याला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. नुसती बंद करून घरी बसू नका. दम्याच्या, सांधेदुखीच्या बेनामी पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टिरॉइडची गोळी कुटून घातलेली असते. मूल महिनोन्‌महिने ती घेत असेल तर शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं मंदावलेलं असतं. अशात डॉक्टरांना न दाखवता एकदम तोडलं तर दमा उसळतो, क्वचित मूल गळून जातं, उलट्या होतात. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "इतके महिने अमुक पुडी दिली, त्यात काय होतं आम्हाला माहीत नाही." पुढचं ते बघतील. आणि उरलेल्या पुड्या, आप्पांच्या आणि मुलाच्याही, टाकून देऊ नका. रागाच्या भरात घरचे लोक त्या चुलीत नाहीतर गटारात टाकतात आणि सगळ्यात मोठा पुरावा हातचा जातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, कुणाची कोणती ते लिहून, पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

आता धातू आला कुठून.

दोन वाटा आहेत. एक, मुद्दाम घातलेला. आपल्याकडे रसशास्त्र ही आयुर्वेदाचीच शाखा आहे आणि तिच्यात धातू-खनिजांची औषधं उघडपणे असतात. हरताळ आणि मनशीळ ही दोन्ही आर्सेनिकची खनिजं, सोमल म्हणजे पांढरं आर्सेनिक. हिंगूळ, रससिंदूर, मकरध्वज यांत पारा, नागभस्मात शिसं. ग्रंथात त्यांचं शोधन (शुद्ध करणं), मारण (भाजून भस्म करणं), मात्रा, अनुपान (कशासोबत घ्यायचं), पथ्य सगळं सांगितलेलं आहे आणि शिकलेला वैद्य ती भीत भीतच वापरतो. भट्टीतून काढलेलं भस्म पूर्ण निर्धोक असतं असं मात्र मी मानत नाही. शास्त्रोक्त म्हणून विकलेल्या औषधांनी शिसं चढलेले रुग्ण जगभर नोंदले गेलेत. पण तो वाद बाजूला ठेवू. तुमच्या आप्पांच्या बाबतीत प्रश्न त्याच्याही अलीकडचा आहे. पुडीत काय घातलं, किती घातलं, त्यावर काही संस्कार केले का, हे देणाऱ्यालाच धड माहीत असेल याची खात्री नाही. बऱ्याचदा तोही कुठून तरी तयार भुकटी किलोवर आणतो आणि त्यात चार मुळ्या कुटून मिसळतो. त्याच्या लेखी ते झाडपाल्याचंच असतं.

दुसरी वाट नकळत येणारी. वनस्पती जमिनीतून, पाण्यातून धातू ओढून घेतात. वाळवताना, कुटताना, साठवतानाही मिसळ होते. अमेरिकेत बॉस्टनच्या आसपासच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. हा अभ्यास २००४ चा. पुढे २००८ मध्ये त्याच मंडळींनी इंटरनेटवर विकली जाणारी १९३ उत्पादनं तपासली. रसशास्त्राच्या औषधांपैकी सुमारे ४० टक्क्यांत धातू निघाले, आणि ज्यांत धातू असायला नकोत अशा बाकीच्यांपैकीही सुमारे १७ टक्क्यांत. तेव्हा "फक्त पाला आहे" हे वाक्य बोलणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी पुरेसं नाही.

मात्र तळहातावर दाणे उठण्याइतकं आर्सेनिक झाडपाल्यातून नकळत सहसा पोटात जात नाही. हिशेब करून बघा. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. दिवसाला दोन लिटर पाणी प्यालं तर २० मायक्रोग्रॅम. भारतात वनौषधींसाठी आर्सेनिकची मर्यादा ३ पीपीएम आहे, म्हणजे एक ग्रॅम पुडीतून ३ मायक्रोग्रॅम. आता त्याच एक ग्रॅममध्ये आर्सेनिक फक्त हजारात एक भाग आहे असं धरा. पोटात गेलं १००० मायक्रोग्रॅम, पाण्याच्या मर्यादेच्या पन्नास पट, तेही एका वेळेला. आप्पा दिवसातून दोनदा घेत होते.

आणि याच आर्सेनिकमुळे त्यांना बरं वाटलं असण्याचीही शक्यता आहे. हे लोकांना पटकन पटत नाही. गुण आला म्हणजे औषध खरं, असं आपण धरून चालतो. पण आर्सेनिक सोरायसिसवर काम करतं, दम्यावरही काही काळ करतं. इंग्लंडमध्ये थॉमस फाउलर या डॉक्टरने १७८६ मध्ये आर्सेनिकचं एक द्रावण प्रसिद्ध केलं आणि पुढची दीडशे वर्षं जगभरचे ॲलोपॅथीचे डॉक्टर ते सोरायसिस, दमा, हिवतापासाठी सर्रास लिहून देत होते. अशा रुग्णांच्या तळहातावर दाणे येतात आणि पुढे कर्करोग होतो, हे जोनाथन हचिन्सन यांनी १८८० च्या दशकात दाखवलं. तरीही ते औषध कपाटातून जायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. त्यामुळे ॲलोपॅथीवाल्यांनी यात फार नाक वर करण्यासारखं काही नाही. आजही रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगात आर्सेनिक शिरेतून देतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वरचेवर हृदयाचा आलेख बघून.

तेव्हा आप्पा म्हणाले असतील, "गुण आलता की ओ, उगीच कसं वाईट म्हणायचं?", तर त्यांच्याशी भांडू नका. गुण आला होता हे खरंच आहे.

आता त्वचेवर नेमकं काय होतं ते थोडं बारकाईनं सांगतो, कारण घरातल्या इतरांचे हातपाय तुम्हालाच बघायचे आहेत. आर्सेनिकला गंधकाची ओढ. केस, नखं आणि त्वचेचा वरचा थर ज्या केराटिन प्रथिनाचा बनतो त्यात गंधक भरपूर, म्हणून आर्सेनिक तिथं जाऊन बसतं. पहिल्यांदा बदलतो रंग. छाती, पोट, पाठ, मांड्या अशा कपड्याखालच्या भागावर बारीक काळे ठिपके आणि मधे मधे फिकट ठिपके. धुळीच्या रस्त्यावर वळवाचे चार थेंब पडून जावेत तसं दिसतं. आमच्या पुस्तकांतही हीच उपमा आहे. उन्हाने काळवंडलेलं अंग वेगळं. ते चेहरा, मान, हातांवर असतं, बनियनच्या आत नसतं. म्हणून मी शर्ट काढायला लावतोच.

दाणे नंतर येतात. सुरुवातीला ते दिसत नाहीत, लागतात. तळहात कोमट पाण्याने धुऊन पुसून घ्यायचा आणि अंगठ्याने अंगठ्याच्या खालचा गादीसारखा भाग, तळव्याची करंगळीकडची कड, बोटांच्या बाजू हळू चाचपायच्या. वाळूचे कण कातडीखाली असल्यासारखी खरखर लागते. पुढे ते मुगाएवढे टणक, पिवळट होतात. शेतकऱ्याच्या, गवंड्याच्या हाताला घट्टे असतातच, पण घट्टा जिथं खुरप्याचा-थापीचा दांडा घासतो तिथंच पडतो. आर्सेनिकचे दाणे दांडा न लागणाऱ्या जागीही येतात आणि दोन्ही हातांवर, दोन्ही तळपायांवर जोडीने येतात. आपल्या भागात नव्वद टक्के माणसं हाताने राबणारी, त्यामुळे "घट्टेच आहेत" म्हणून हे वर्षानुवर्षं सुटून जातं. कुरूप समजून पायाला कॉर्नकॅप लावणारेही बरेच. सोरायसिसही तळहातावर येतो, चामखीळही येते. शंका असेल तिथं छोटा तुकडा काढून तपासतात. नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर विचारा, पण त्या नाहीत म्हणून आर्सेनिक नाही असं होत नाही. हातापायांना मुंग्या, तळव्यांची आग हे मात्र आवर्जून सांगा. नसांवर परिणाम झाल्याची ती खूण असते. साखर असलेल्या माणसात ती साखरेच्याच नावावर जाते.

सगळ्यात लक्ष ठेवायचं ते वेगळ्याच गोष्टीवर. कपड्याखालच्या कातडीवर एखादा तांबूस, खपलीचा, कडा स्पष्ट असलेला चट्टा. खाज नाही, दुखत नाही, पण महिनोन्‌महिने जात नाही आणि हळूहळू पसरतो. लोक त्याला गजकर्ण म्हणतात, मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावत राहतात. तो बोवेनचा आजार असू शकतो, म्हणजे त्वचेचा कर्करोग अगदी वरच्या थरात असतानाची अवस्था. तेव्हा सापडला तर काढून टाकता येतो. हा पुडी घेतल्यावर दहा वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा उगवतो. तोवर पुडी देणारा वारलेला असतो आणि घेणारा विसरलेला. त्यामुळे आप्पांच्या फाइलवर पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेवा: अमुक साली अमुक वर्षं आर्सेनिकचा संशय असलेली पुडी घेतली. दहा वर्षांनी जो डॉक्टर बघेल त्याला ते वाचायला मिळू दे.

पारा आणि शिसं त्वचेवर वेगळं वागतात, ते थोडक्यात. पाऱ्याने पापण्या, नाकाच्या कडा, मानेच्या वळ्या राखाडी होतात, कधी अंगभर पुरळ येतं; पण त्याचा खरा मार मूत्रपिंडावर. सकाळी डोळ्यांखाली सूज, पावलांवर सूज, लघवीला फेस. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात गोरेपणाच्या क्रीम लावणाऱ्यांमध्ये असेच रुग्ण सापडले आणि क्रीममध्ये पारा निघाला. तेव्हा हा मुद्दा पोटातल्या औषधापुरता नाही. आठवड्यात उजळ करणारी बिनाकंपनीची डबी घरात कुणी लग्नसराईसाठी आणली असेल तर तीही त्या पिशवीत टाका. शिसं त्वचेवर जवळजवळ काही दाखवत नाही. पोटात मुरडा, बद्धकोष्ठ, रक्त कमी, माणूस पांढरा पडणं, हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ. लहान मुलांत तर अभ्यासात मागे पडणं एवढीच खूण. म्हणून भाच्याची कातडी स्वच्छ आहे यावर समाधान मानू नका. त्याची रक्तातल्या शिशाची तपासणी आणि साधं हिमोग्लोबिन व्हायलाच हवं.

तपासणीबद्दल. लघवीतलं आर्सेनिक मागच्या काही दिवसांचंच सांगतं. पुडी थांबवून महिना झाला असेल तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि घरचे म्हणतात, बघा, काही नव्हतंच. तसं नसतं. अशा वेळी नखं-केस तपासले तर मागच्या महिन्यांचा काहीसा अंदाज येतो, पण निदान मुख्यतः त्वचेवरून, तुकड्याच्या तपासणीवरून आणि पुडीच्या इतिहासावरूनच होतं. आणखी एक, आपल्याकडे हमखास घोटाळा करणारं: मासे. कारवार-मालवणचा बांगडा, सुरमई, कोळंबी, खेकडे यांत आर्सेनिकचं एक निरुपद्रवी, सेंद्रिय रूप भरपूर असतं आणि ते लघवीत उतरतं. नमुना देण्याआधी चार-पाच दिवस मासळी बंद. नाहीतर रिपोर्ट उगाच भीतीदायक येतो. प्रयोगशाळेला "सेंद्रिय आणि असेंद्रिय वेगळं करून द्या" असं डॉक्टरांकरवी लिहून घेतलं तर उत्तम. नमुना प्रयोगशाळेने दिलेल्याच डबीत द्यायचा, घरातल्या बाटलीत नाही. नमुने बहुतेक वेळा बेळगावातून मोठ्या शहरात जातात, रिपोर्टला वेळ लागतो. सोबत मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन, शिवाय यकृताच्या तपासण्या.

डॉक्टर घरच्या बोअरवेलचंही विचारतील. कर्नाटकात यादगीर-रायचूरकडे, सोन्याच्या खाणींच्या पट्ट्यात, भूजलात आर्सेनिक सापडलं आहे. बंगालात तर १९८० च्या दशकापासून गावंच्या गावं पाण्याने आजारी पडलेली. खानापूर त्या पट्ट्यात नाही. घरातले सगळे तेच पाणी पितात आणि दाणे एकट्या आप्पांना आहेत, यावरूनच बोट पुडीकडे जातं. पाणी एकदा तपासून घ्या, म्हणजे तो प्रश्न मिटेल.

पुडीची तपासणी सगळ्यात उपयोगाची. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम असं सांगून द्यायची, आणि स्टिरॉइडचीही. घरगुती कसोट्यांच्या नादी लागू नका. पाण्यात टाकून, जाळून, जिभेवर ठेवून काही कळत नाही. पांढऱ्या आर्सेनिकला ना चव ना वास.

दाणे जातील का? थोडे जातील, सगळे नाही. काळे ठिपके पुडी बंद केल्यावर महिन्या-वर्षांनी बऱ्यापैकी फिकट होतात. दाण्यांवर सॅलिसिलिक ॲसिड, युरियाची मलमं चालतात, जाड असतील तर द्रव नायट्रोजनने गोठवतात, खूपच असतील तर ॲसिट्रेटिनच्या गोळ्या. त्या गोळ्यांनी सोरायसिसलाही फायदा होतो, तेव्हा आप्पांच्या बाबतीत त्याचा विचार होऊ शकेल. ब्लेडने घरी तासायचे नाहीत. आणि शरीरातला धातू बाहेर काढणारी औषधं, ज्याला किलेशन म्हणतात, ती घ्यायची का हे रिपोर्टवर ठरतं. नुकताच भरपूर धातू गेला असेल, शिसं वाढलेलं असेल, तर ती जीव वाचवतात. जुन्या आर्सेनिकच्या दाण्यांवर त्यांचा फारसा उपयोग नाही. हल्ली "डिटॉक्स" नावाने सलाइन लावणारे निघालेत; एका बेनामी पुडीतून सुटून दुसऱ्या बेनामी बाटलीत जाऊ नका. विडी-तंबाखू मात्र सुटलीच पाहिजे. आर्सेनिक आणि तंबाखू मिळून कर्करोगाचा धोका बेरजेपेक्षा जास्त वाढतो, आणि निपाणीच्या या मुलखात हे सांगणं किती जड जातं ते मला ठाऊक आहे. दर सहा महिन्यांनी सगळं अंग उघडून तपासणं, जन्मभर.

पुडी बंद झाली की सोरायसिस परत येईल, कदाचित आधीपेक्षा जोरात. तेव्हा आप्पा पुन्हा त्याच दाराशी जातील. ते होऊ नये म्हणून सोरायसिसचा नीट इलाज त्याच भेटीत सुरू करून घ्या. नुसतं "घेऊ नका" सांगून पाठवलेला माणूस महिन्याभरात परत पुडीवर असतो.

"मग सरकार काय करतंय?" असंही तुम्ही विचारलंय. औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा १९४० चा आहे आणि आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो. विषारी द्रव्यांची वेगळी यादी आहे आणि ती असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं असा इशारा छापावा लागतो. पण विकायला परवाना लागत नाही. शिवाय वैद्य स्वतःच्या रुग्णासाठी स्वतः औषध बनवत असेल तर त्याला उत्पादनाच्या परवान्यातूनही सूट आहे. ही सूट खऱ्या वैद्यासाठी होती. तिच्या आडून कोण कोण बसलंय ते कुठल्याही जत्रेच्या रस्त्याला बघा. त्यात आपला सीमाभाग. माल एका राज्यात तयार, विक्री दुसऱ्या राज्यात, तक्रार कुणाकडे हाच प्रश्न. आणि पुडीवर लेबल असलंच तर ते कन्नडमध्ये. आप्पांची शाळा मराठी. नातवंडांना कन्नड वाचता येतं, त्यांच्याकडून वाचून घ्या: उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख, घटकद्रव्यांची पूर्ण यादी. यातली एक जरी गोष्ट नसेल तर ते घशाखाली जायला नको, मग देणारा कितीही देवमाणूस असो. तक्रार जिल्हा आयुष कार्यालयात (आयुर्वेद, युनानी वगैरे औषधांचं सरकारी खातं) करता येते, आयुषचा औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा कार्यक्रमही आहे. पुडी आणि रिपोर्ट हातात असतील तरच तिला वजन येतं.

आयुर्वेदच नको, असं मी म्हणत नाही. बेळगावात आयुर्वेद महाविद्यालय आहे, पारंपरिक औषधांचा अभ्यास करणारी, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) राष्ट्रीय संस्थाही इथंच आहे. जांबोटी-कणकुंबीच्या रानातल्या वनस्पतींची माहिती असलेली जुनी माणसं मला आदरणीयच वाटतात. नोंदणी असलेल्या वैद्याकडे आप्पांना न्यायचं असेल तर जरूर न्या. फक्त चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहून मागा आणि ती चिठ्ठी त्वचेच्या डॉक्टरांनाही दाखवा.

भाच्याचा शिशाचा रिपोर्ट वाढलेला आला तर त्याच घरात त्याच माणसाचं काहीही घेणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करा. गरोदर बाई असेल तर तिची सगळ्यात आधी.